यामागाता : आडवाटेवरील एका चित्रपट-महोत्सवाचा इतिहास

चित्रपट-महोत्सव म्हटला म्हणजे सामान्यतः एखादी राजधानी, नाही तर समुद्रकाठचे श्रीमंतांचे विश्रामस्थान डोळ्यांपुढे उभे राहते. या प्रथेचा उगमही तसाच आहे. पहिला महोत्सव १९३२ साली व्हेनिस येथे भरला. पुढे कान, बर्लिन ही नावे त्यास जोडली गेली आणि कोणत्याही देशाचा बोलपट चांगला की सामान्य, याचा निवाडा या दोन-तीन गावी व्हावा असा जणू संकेतच ठरून गेला. आशिया खंडातील राष्ट्रांनीही तो निमूटपणे मानला. जपानचा ‘राशोमोन’ १९५० साली तयार झाला तेव्हा खुद्द तो काढणाऱ्या कंपनीस त्याची महती पटलेली नव्हती. तोकियोत राहणाऱ्या जूलियाना स्त्रामिजोली या इटालियन विदुषीने आग्रह धरला, बोलपट व्हेनिसला गेला, १९५१ साली तेथील सर्वोच्च पारितोषिक त्यास लाभले, आणि मग आपल्या घरात काय आहे हे जपानला कळले.

आपल्याकडची कथा याहून फारशी निराळी नाही. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईस सुरू झाला आणि पुढे मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे फिरला. भारताच्या वतीने त्यात चार बोलपट होते आणि त्यांपैकी एक मराठी होता, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे. शाहीर होनाजीच्या जीवनावरील शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ तो हाच. परंतु त्या महोत्सवाची जी स्मृती पुढे टिकली, ती इटलीच्या ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ची व त्याच्या जातीच्या वास्तववादी चित्रपटांची. चीन, कोरिया, फिलिपाइन्स हे आपले शेजारी. पण त्यांची आपली ओळख व्हायची ती युरोपच्या दिवाणखान्यात, तिसऱ्याच यजमानाच्या मध्यस्थीने.

ही वहिवाट मोडण्याचे काम पुढे अनेक ठिकाणी झाले. १९७७ साली हाँगकाँगने आणि १९९६ साली कोरियातील बुसानने आपापले महोत्सव सुरू केले, आणि आज आशियाई कथापटांना आपली अशी व्यासपीठे आहेत. परंतु ज्यास पूर्वी ‘अनुबोधपट’ म्हणत आणि आता सर्रास ‘माहितीपट’ म्हणतात, त्या उपेक्षित चित्रप्रकारासाठी हे कार्य ज्या गावाने केले ते ना राजधानी, ना बंदर. जपानच्या ईशान्य भागातील, डोंगरांनी वेढलेले, सुमारे अडीच लाख वस्तीचे, म्हणजे आपल्या बेळगावाहूनही लहान असलेले ते नगर यामागाता होय. त्याचा इतिहास मुळातून पाहण्याजोगा आहे.

यामागाता हा भाग भाताचा, फळबागांचा आणि करडईचा. आपण करडईचे तेल काढतो. तेथील लोक तिच्या फुलांपासून लाल रंग करीत व तो क्योतोच्या रंगाऱ्यांकडे पाठवीत. जपानी कवी बाशो १६८९ साली आपल्या प्रसिद्ध पदयात्रेत या भागातून गेला. हिवाळ्यात येथे पुरुषभर बर्फ साचते. तोकियोहून येणारी वेगवान रेल्वे या नगरापर्यंत पोहोचली ती १९९२ साली. म्हणजे ज्या महोत्सवाविषयी आपण बोलणार आहोत तो तिच्याही आधीचा. अशा ठिकाणी जगभरचे अनुबोधपट यावेत यास कारण घडले ते एका माणसाचे तेथील वास्तव्य.

त्याचे नाव ओगावा शिन्सुके. (जपानी रीतीप्रमाणे कुलनाम आधी.) तोकियोजवळ सान्रिझुका येथे विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचा सरकारने घाट घातला, त्यातून मोठा लढा उभा राहिला. ओगावा आपले सहकारी घेऊन त्या शेतकऱ्यांत जाऊन राहिला आणि १९६८ पासून त्याने या लढ्यावर एकामागून एक चित्रपट काढले. आरंभीच्या चित्रपटांत पोलीस, लाठ्या व आरडाओरडा आहे. पुढेपुढे मात्र त्याचा कॅमेरा शांत होत गेला. १९७३ च्या ‘हेता वस्ती’ या चित्रपटात दंगल जवळजवळ नाहीच. आहेत ती माणसे आणि त्यांचे बोलणे. शेतकरी लढतो का हे समजावयाचे असेल तर तो शेती कशी करतो हे आधी समजले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. शेतकरी-कवी किमुरा मिचिओ याच्या आमंत्रणावरून तो १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास यामागाता प्रांतातील मागिनो या खेड्यात आपल्या मंडळींसह राहावयास गेला. ही मंडळी तेथे भात लावावयास शिकली, आणि वर्षानुवर्षे पीक काढता काढता त्यांनी चित्रण केले.

या तपश्चर्येचे फळ म्हणजे दोन प्रदीर्घ चित्रपट. पहिला १९८२ सालचा फुरुयाशिकी या खेड्यावरचा, साडेतीन तासांचा. थंड वाऱ्याने भाताचे पीक का खराब होते याचा त्यात एखाद्या शेतकी-शास्त्रज्ञाच्या चिकाटीने शोध घेतला आहे, आणि मग तोच कॅमेरा वृद्धांच्या तोंडून कोळसा पाडण्याच्या व युद्धाच्या आठवणी ऐकत बसतो. १९८४ साली बर्लिन येथे समीक्षकांच्या पारितोषिकाने त्याचा गौरव झाला. दुसरा १९८६ सालचा, मागिनोवरचा. त्यात भाताचे फूल उमलताना दिसते, जमिनीतून प्राचीन अवशेष निघताना दिसतात, आणि गावच्या जुन्या शेतकरी-उठावाच्या प्रसंगात नामांकित नटांच्या बरोबरीने गावकरी स्वतःच्याच पूर्वजांच्या भूमिका करतात. तो दाखविण्यासाठी १९८७ साली क्योतोत माती, लाकूड व गवत यांचे एक खास नाट्यगृहच उभारण्यात आले होते. ओगावाची सारी पद्धत एका वाक्यात सांगावयाची तर ती अशी : ज्याचे चित्र काढावयाचे त्याच्या घरी आधी राहावे, आणि बोलण्यापूर्वी ऐकावे.

यामागाता नगरपालिकेच्या स्थापनेस १९८९ साली शंभर वर्षे झाली. शताब्दी साजरी करण्याचे नेहमीचे मार्ग आपणांस ठाऊक आहेत : कमान, पुतळा, स्मरणिका. येथे ओगावाच्या प्रेरणेने अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविण्याचे ठरले. तो ऑक्टोबर १९८९ मध्ये भरला आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी भरत आला आहे.

पहिल्याच महोत्सवात एक उणीव उघडी पडली. आशियातील हा पहिला मोठा अनुबोधपट-महोत्सव, आणि त्याच्या स्पर्धा-विभागात आशियाई चित्रपटांना स्थान मिळू शकले नाही! प्रमुख पारितोषिक लाटव्हियाच्या एका चित्रपटाने नेले. उणीव झाकून ठेवता आली असती. संयोजकांनी तसे केले नाही. आशियातील दिग्दर्शकांना बोलावून ओगावाने परिसंवाद भरविला आणि आशियाई अनुबोधपट का निघत नाहीत या प्रश्नाची उघड चर्चा झाली. पैसा नाही, यंत्रसामग्री नाही, सरकारची नजर कडक आहे, आणि चित्रपट काढलाच तर दाखवावयास जागा नाही, अशी ती गाऱ्हाणी होती. शेवटी फिलिपाइन्सच्या किडलात ताहिमिक याने सर्वांच्या वतीने एक जाहीरनामा वाचला. इतर कारणांवर यामागाताचा इलाज नव्हता. परंतु शेवटच्या कारणावर होता. पुढच्या खेपेपासून आशियासाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. चित्रपट स्पर्धेच्या तोलाचा झाल्यावर मग त्यास दार उघडू, असे न म्हणता, दार उघडल्यावाचून तो तोलाचा होणार कसा, असा विचार त्यामागे होता. शिक्षकाच्या पेशातील वाचकांस या विचाराचे मर्म निराळे सांगावयास नको.

ओगावा स्वतः फेब्रुवारी १९९२ मध्ये निवर्तला. १९९३ पासून आशियाई विभागात त्याच्या नावाचे पारितोषिक देण्यात येऊ लागले. चीनमधील वू वेनग्वांग हा १९९१ साली आपला ‘पेकिंगमधील भटके’ हा चित्रपट घेऊन यामागातास आला होता. सरकारी चित्रसंस्थेच्या बाहेर राहून काढलेल्या चिनी अनुबोधपटांचा आरंभ सामान्यतः या चित्रपटापासून मानतात. ओगावाचे काम त्याने येथे जवळून पाहिले. आणि १९९३ चे पारितोषिक त्याच्याच, सांस्कृतिक क्रांतीतील ‘लाल रक्षकां’च्या आठवणींवरील चित्रपटास मिळाले. ओगावाचा ताम्रफळांवरील एक चित्रपट अपुरा राहिला होता. तो पुढे २००१ साली पुरा केला तो पंग श्याओल्येन या चिनी दिग्दर्शिकेने. जपानी गुरूचे अपुरे काम चिनी शिष्येने पुरे करावे, ही गोष्ट त्या दोन राष्ट्रांचा विसाव्या शतकातील इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांना साधी वाटणार नाही.

याहून कठीण प्रसंग १९९५ सालचा. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरियातील व इतर देशांतील अगणित स्त्रियांना छावण्यांत लैंगिक दास्यात ठेवले आणि त्यांना ‘सांत्वन-स्त्रिया’ असे निर्लज्ज नाव दिले. जवळजवळ अर्धशतक या स्त्रिया मुक्या राहिल्या. १९९१ साली त्यांच्यापैकी किम हाक-सुन हिने प्रथम उघडपणे साक्ष दिली, आणि जानेवारी १९९२ पासून सोल येथील जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने होऊ लागली. ब्यन यंग-जू ही तरुण कोरियन दिग्दर्शिका या वृद्धांच्या आश्रमात जाऊन त्यांचा विश्वास संपादन करीत राहिली आणि तिने ‘दबका आवाज’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. त्यात आक्रोश थोडा आहे. स्वयंपाक, गाणी, रुसवेफुगवे पुष्कळ आहेत. आणि त्यांच्या मधूनच ते भयंकर सत्य बाहेर येते. ओगावाची पद्धत ती हीच. १९९५ चे ओगावा-पारितोषिक या चित्रपटास मिळाले. जपानच्या भूमीवर, जपानी माणसाच्या नावाचे पारितोषिक, जपानवरील आरोपपत्रास! आतिथ्य म्हणजे पाहुण्यास गोडधोड वाढणे एवढेच नव्हे. पाहुणा जे सांगेल ते, आपल्या विरुद्ध असले तरी, शेवटपर्यंत ऐकून घेणे हेही आतिथ्यच होय.

२००३ साली वांग बिंग याच्या ‘लोहमार्गाच्या पश्चिमेस’ या नऊ तासांच्या चित्रपटाने महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. चीनमधील शेनयांगच्या तिएशी विभागातील प्रचंड कारखाने एकेक करून बंद पडत आहेत, कामगार शेवटची पाळी करीत आहेत, त्यांच्या चाळी पाडल्या जात आहेत, एवढाच त्याचा विषय. हे कारखाने मुळात उभे राहिले ते मांचुरियावरील जपानी अंमलात, हे आठवले म्हणजे यामागाताच्या प्रेक्षकांनी नऊ तास बसून तो पाहिला यातील अर्थ अधिक खोल होतो. ज्या वेळी असा चित्रपट लावावयास व्यापारी चित्रगृहाचा कोणीही मालक तयार होणार नाही, त्या वेळी महोत्सवाची खरी गरज भासते. याच दिग्दर्शकास २००७ व २०१९ साली पुन्हा तेच पारितोषिक मिळाले.

आशियाबाहेर, किंवा आशियातच परक्या देशी, वाढलेल्या आशियाई माणसांचे चित्रपटही येथे येऊ लागले. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा. ओसाका येथे जन्मलेली कोरियन वंशाची यांग योंग-ही हिचा ‘डिअर प्याँगयांग’ २००५ साली येथे दाखविण्यात आला. उत्तर कोरियावर अढळ निष्ठा ठेवणाऱ्या बापाने आपले तिन्ही मुलगे तिकडे पाठवून दिले. मागे राहिलेली मुलगी कॅमेरा हाती घेऊन त्या बापाला प्रश्न विचारते. २०१३ चे सर्वोच्च पारितोषिक महदी फ्लेफेल या डेन्मार्कमध्ये वाढलेल्या पॅलेस्टिनी तरुणाच्या चित्रपटास लाभले. लेबाननमधील ज्या निर्वासित-छावणीत त्याचे आप्त तीन पिढ्या अडकून पडले आहेत, तेथे तो सुटीत जाई, आणि त्या भेटींतून त्याचा ‘आपले नसलेले जग’ सिद्ध झाला. आपले घर कोणते, भाषा कोणती, वडिलांच्या निष्ठा मुलांनी किती वाहाव्यात, हे प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरच्या वा हैदराबादच्या मराठी घरांतही अपरिचित नाहीत. मात्र आपल्याकडे त्यांना अशी तीव्र दुःखाची धार नाही, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

महोत्सवाचे अंतरंग सांगताना एका जागेचा उल्लेख टाळता येत नाही. लोणच्यांच्या एका जुन्या पेढीच्या वास्तूत रात्री चित्रपट संपल्यावर सारे जमत. दिग्दर्शक, परीक्षक, विद्यार्थी, गावातले दुकानदार जमिनीवर मांडीला मांडी लावून बसत आणि मध्यरात्र उलटेपर्यंत वाद चालत. ती पेढी २०२० साली बंद पडली. तिची हळहळ दूरदूरच्या देशांत व्यक्त झाली. नगरपालिकेने २००६ नंतर महोत्सवाचा थेट कारभार सोडला, तेव्हा नागरिकांनी धर्मादाय संस्था स्थापून तो आपल्याकडे घेतला. मार्च २०११ मध्ये भूकंप व त्सुनामी यांनी ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला. त्याच ऑक्टोबरात महोत्सव भरला, आणि त्या आपत्तीवरील चित्रपटांसाठी निराळा विभाग ठेवण्यात आला. २०२१ साली महामारीमुळे तो घरोघरी पडद्यावरून पाहावा लागला. २०२३ मध्ये माणसे पुन्हा एकत्र आली. आलेल्या चित्रपटांचा तेथे एक संग्रहही जतन केलेला आहे.

आपला या इतिहासाशी थेट धागाही आहे. १९९३ च्या महोत्सवात मुंबईच्या आनंद पटवर्धनांच्या ‘राम के नाम’ या चित्रपटास नागरिक-पारितोषिक मिळाले. त्याआधी १९९० साली अनुबोधपट व लघुपटांचा द्वैवार्षिक महोत्सव मुंबईत सुरू झाला होता. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात भरतो, आणि पणजीच्या रसिकांना जगातील बोलपट घरबसल्या पाहावयास मिळतात. या सोयी मोठ्या आहेत. परंतु त्या बहुतांशी सरकारने आणून दिलेल्या आहेत. यामागातात क्रम उलटा होता. तेथे आधी एक माणूस खेड्यात भात लावावयास गेला, मग गाव त्याच्याबरोबर चित्रपट पाहावयास शिकले, आणि मग जगाला आमंत्रण गेले.

मूळ भूमीपासून दूर असलेल्या आपल्या संस्थांना ‘आपण कडेचे’ अशी एक खंत नेहमी सतावते. केंद्राने दखल घ्यावी, पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने यावे, याची वाट पाहण्यात वर्षे जातात. यामागाताने तोकियोची वाट पाहिली नाही. आपल्या गावी वर्षातून चार उत्तम चित्रपट, मग ते मराठी असोत, कन्नड असोत वा कोरियन, शाळेच्या सभागृहात दाखवून त्यांवर मोकळी चर्चा करण्यास फार द्रव्य लागत नाही. लागते ती दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी. बेळगावसारख्या ठिकाणी, जेथे दोन भाषा एकाच रस्त्यावर राहतात व एकमेकींवर रुसून असतात, तेथे शेजारच्या भाषेतील एक चांगला चित्रपट तिच्याच भाषकांबरोबर बसून पाहणे, हा अशा कार्याचा आरंभ होऊ शकेल.