२४ डिसेंबर १९२६ : पॉल ब्युइसोनो यांचा जन्म

उन्हाळा आला की मॉन्ट्रियलच्या एखाद्या बागेत एक ट्रेलर येऊन थांबे. त्याची एक बाजू उघडली की रंगमंच तयार! समोर पोरंसोरं, मागे आई-वडील. तिकीट नाहीच. कॅनडाच्या या शहरात फ्रेंच भाषेतलं ‘ला रुलोत’ हे फिरतं बालनाट्य १९५३ मध्ये सुरू झालं. ते उभं करणारे पॉल ब्युइसोनो यांचा आज जन्मदिन.

ब्युइसोनो मूळचे पॅरिसचे. एदित पियाफ यांच्याबरोबर गाणाऱ्या ‘ले कॉंपान्यों द ला शांसों’ या गायकवृंदात ते होते. पुढे मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक झाले आणि महापालिकेच्या उद्यान विभागात रुजू झाले.

नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेल्या मुलांपर्यंत नाटक त्यांच्याच वस्तीत पोहोचलं, हे ‘ला रुलोत’चं खरं मोल. उघड्यावरचा प्रेक्षक कंटाळला की सरळ उठून खेळायला जातो. त्याला धरून ठेवायचं, तर आवाज, हालचाल, रंगीत वेशभूषा सगळंच ठसठशीत हवं. नटांसाठी यापरती कडक तालीम कोणती? इव्हॉन देशां आणि जाँ-लुई मिलेत यांच्यासारखे पुढे गाजलेले कलावंत या ट्रेलरवर घडले.

दूरचित्रवाणीवर ‘पिकोलो’ हे पात्र साकारूनही ब्युइसोनो मुलांचे लाडके झाले. मोठ्यांसाठी त्यांनी ‘थिएटर द कात-सू’ ही संस्था स्थापन केली. एका जुन्या सिनेगॉगमध्ये १९६५ साली तिचं नाट्यगृह सुरू झालं. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी मॉन्ट्रियलमध्येच त्यांचं निधन झालं.