वस्तीचं मूळ गुऱ्हाळात

सातबारा उताऱ्यावर 'पोटखराबा' असतो. जमिनीचा जो तुकडा पिकाला निकामी, त्याचं क्षेत्र तिथे वेगळं काढून दाखवतात. त्यातल्या 'वर्ग अ'ची व्याख्या महसुली नियमांत वाचत असताना मी एका ओळीशी अडखळलो. लागवडीला अयोग्य जमिनीत खातेदाराचं शेतघर आणि खातेदाराचं खळं अशी दोन्ही एका दमात मोजलेली आहेत. घर आणि खळं! एक राहायची जागा, दुसरी माल तयार करायची. नियम करणाऱ्याने ही जोडी सोयीसाठी लावली असेल, पण मला त्यात बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या वस्तीचं गोत्र सापडलं. शेतातलं घर खळ्याचं भावंड आहे, आणि उसाचं खळं म्हणजे गुऱ्हाळ. म्हणून माझा दावा असा की नीरा डाव्या कालव्यावरची वस्ती गुऱ्हाळातून जन्मली.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. काटेवाडीच्या शेजारचं कन्हेरी हे गाव राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना तिथल्या मारुतीमुळे माहीत असतं. पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ परंपरेने त्या देवळात फुटतो. देऊळ, पार, शाळा, सोसायटी हे सगळं गावठाणात. पण गावात 'कुठे राहता' असं विचारलं की उत्तर बहुधा आडनावाने येतं. अमक्यांची वस्ती, तमक्यांचा मळा. दोन-चार घरं, गोठा, कडब्याची गंज, बोअर, पुढे मोटारसायकल आणि चारी बाजूंनी ऊस. असे पुंजके शिवारभर पसरलेले. जिरायती मुलखातलं गाव घट्ट असतं, भिंतीला भिंत लागून. इथलं गाव मात्र विस्कटलेलं दिसतं. हे विस्कटणं कधी आणि कशामुळे झालं, एवढाच प्रश्न आहे.

ठाऊक असलेले टप्पे भराभर सांगतो. १८७६-७८चा दुष्काळ; भाटघरचं धरण आणि वीरचा बंधारा; १८८५च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याला पाणी. सुरुवातीला लोक पाणी घ्यायलाच कचरत, कारण पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी अंगावर पडायची. पुढे ऊस रुजला. १९२८ला भाटघरला नवं, मोठं धरण पुरं झालं. १९३०च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, मग विजेच्या मोटारी, मग स्लॅबची घरं. या साखळीत वस्ती कुठे सुरू होते, यावर मात्र चार मतं आहेत.

पहिलं मत भीतीचं. पेंढारी, दरोडेखोर, स्वाऱ्या यांच्या धाकाने माणसं वेशीच्या आत दाटीवाटीने राहत. इंग्रजी अमलात धाक गेला, माणसं शेतात पांगली. ऐकायला चोख वाटतं. पण धाक तर सगळ्या दख्खनचा गेला. मग कालव्याच्या वरच्या अंगाची जिरायती गावं त्यानंतरही तशीच घट्ट का राहिली? धाक गेल्यामुळे शेतात राहणं शक्य झालं एवढंच म्हणता येतं. शक्य असलेलं सगळं माणूस करतोच असं नाही.

दुसरं मत प्लेगचं, आणि ते मला मनापासून आवडतं. १८९६ला मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलं. नंतर बरीच वर्षं तो खेड्यापाड्यांत फिरत राहिला. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचं. शेतात बिऱ्हाड मांडायचा पहिला सराव तोच, असं हे मत. सराव झाला हे खरं. पण साथ ओसरली की माणसं परत गावठाणात आली. ज्या गावांना कालवा नव्हता तिथे प्लेगची झोपडी मोडली आणि तिची आठवण तेवढी राहिली. म्हणजे प्लेगने वाट दाखवली. थांबायला कारण दुसऱ्याच कशाने दिलं.

तिसरं मत भावकीचं. वाटण्या झाल्या, घर पुरेनासं झालं, धाकटा शेतात गेला. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या कितीतरी वस्त्या अशाच वाढल्या, यात शंका नाही. पण ही वाढीची गोष्ट झाली. थोरल्या वस्तीला हे लागू पडत नाही, कारण वाटण्या काय जिरायतातही होतातच, आणि तिथे धाकटा वाड्यात मधे भिंत घालून राहतो.

चौथं मत खरं तगडं आहे: रात्रीचं पाणी. कालव्याचं पाणी मागायचं म्हणजे सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि मग पाळीची वाट पाहायची. पाळी घड्याळ बघून येत नाही. पाटकरी सांगेल तेव्हा, मध्यरात्री का होईना, चारीवर जाऊन दारं धरावी लागतात. हुकली तर पुढच्या पाळीपर्यंत ऊस वाळत उभा. एम. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आखली आणि पाणी ठरावीक गटांना, ठरावीक क्रमाने द्यायचा शिरस्ता पडला. रात्री शेतात असणं ही गरजच झाली. या मताच्या बाजूने भाषाही साक्ष देते. 'वस्तीला जाणं' म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला जाणं. गावात रात्री थांबणारी एसटी ती 'वस्तीची गाडी'. तेव्हा रात्रीच्या राखणीची जागा तीच पुढे वस्ती झाली, हे पटकन पटतं.

पण या मतात एक माणूस कमी पडतो, आणि तो म्हणजे बाई. दारं धरायला एक गडी, एक खोरं, एक कंदील आणि घोंगडी पुरते. तो सकाळी घरी येतो, भाकरी घरीच खातो. रात्रीच्या पाण्याने फार तर खोपी उभी राहते. शेतात चूल पेटण्यासाठी, म्हणजे पाठोपाठ बाईमाणूस, पोरंबाळं, शेरडंकोंबड्या येण्यासाठी असं काम लागतं जे दिवसरात्र चालतं, पाच-दहा माणसं अडकवून ठेवतं आणि गावठाणात हलवताच येत नाही.

असं काम एकच होतं. आता गुऱ्हाळ जवळून पाहू.

पहाटे गारव्यात बैल चरकाला जुंपायचे, कारण उन्हं चढली की ते दमतात. रस काहिलीत, खाली चुलवणात जळव्या वाळलेलं चिपाड आणि पाचट सारत बसलेला. रस तापायला लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढायची. मग गुळव्याचा कस: पाक थोडासा पाण्यात टाकून बोटांनी बघायचा, आणि तो म्हणेल त्या क्षणी काहील उतरवायची. एक आदण संपतं तोवर पुढचा रस तयार. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, रस आंबतो. चिपाड उन्हात पसरून वाळवावं लागतं, आणि वाळलं की त्याला विस्तवापासून जपावं लागतं. ही सगळी माणसं जेवणार कुठे? तिथेच. म्हणजे चुलवणाच्या शेजारी दुसरी, लहान चूल आली.

हे सगळं गावठाणाजवळ का नाही केलं? ज्वारीचं खळं गावाजवळ असतंच की. उत्तर वजनात आहे. शंभर किलो उसातून गूळ निघतो दहा-अकरा किलो. ऊस गावाजवळ आणायचा तर दहा गाड्या, गूळ न्यायचा तर एक. शिवाय जळणही उसातूनच निघतं, तेही वाहावं लागलं असतं. तेव्हा गुऱ्हाळ उसाकडे गेलं आणि माणसं गुऱ्हाळामागे. त्यात इथला ऊस आडसाली, जुलै-ऑगस्टात लावलेला, सोळा-अठरा महिने शेतात उभा. एक फड गुऱ्हाळात असताना दुसरा वाढत असतो. शेत रिकामं असा हंगामच उरला नाही.

यावर कोल्हापूरकर लगेच हात वर करतील, आणि त्यांचा आक्षेप वजनदार आहे. गुऱ्हाळांचा खरा मुलूख त्यांचा. मग तिथली गावं अजून दाट कशी? तिथल्या माणसाचा मळ्यात राबता असतो, पण घर बहुधा गावातच. गुऱ्हाळानेच वस्ती जन्मते तर आधी ती पंचगंगेकाठी जन्मायला हवी होती.

याचं उत्तर मी दोन पदरी देतो. पहिला पदर पाण्याच्या जागेचा. पंचगंगेकाठी गाव नदीजवळ आणि ऊसही नदीजवळ. घरातून निघालं की गुऱ्हाळ. नीरा खोऱ्यात गावठाण बसलं ते जुन्या ओढ्याविहिरींच्या आधाराने, आणि कालवा गेला चढाच्या कडेकडेने. त्याने पाणी दिलं ते गावापासून लांबच्या, पूर्वी चार-दोन पोती बाजरी देणाऱ्या रानाला. दुसरा पदर माणसांचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक. या कालव्यावर उसाची मोठी शेती रुजवली ती सासवडच्या माळ्यांनी. ते बागाइतात मुरलेले. कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावायचे. सासवड माळी शुगर फॅक्टरी काढून पुढे माळीनगर वसवणारे ते हेच. आता विचार करा: खंडकरी परगावचा. कन्हेरी-काटेवाडीसारख्या गावात त्याचं ना घर, ना वाडा, ना भावकी. गावठाणात त्याला कोण जागा देणार? त्याला राहायला जागा एकच, खंडाने घेतलेली जमीन. तो गुऱ्हाळाशेजारी पाचटाचं छप्पर घालून कुटुंबासह राहिला, आणि स्थानिक मालकाने शेजारच्या बांधावरून ते वर्षानुवर्षं पाहिलं. शेतात राहून शेती किती नीट होते ते त्याला दिसलं. पेंडीची पोती राखली जातात, बैल चोवीस तास हाताशी, पाळी चुकत नाही. खंड संपला, माळी पुढे सरकला. जागा, चुलवण आणि सवय मालकाकडे राहिली. कोल्हापुरात हा पाहुणा नव्हता. म्हणून तिथे गुऱ्हाळं झाली, वस्त्या झाल्या नाहीत.

ही मांडणी खरी असेल तर जुन्या वस्त्यांची जागा तिला दुजोरा द्यायला हवी, आणि ती देते. थोरली वस्ती बहुतेक वेळा रानाच्या वरच्या, माळाच्या अंगाला असते. कालव्याच्या अति पाण्याने सखल जमीन चोपण व्हायला लागली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरोल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर १९१०मध्येच लिहिलं. चुलवण ओलीत चालत नाही, त्याला कोरडी, निचऱ्याची जागा लागते. जिथे पाटाचं पाणी चढत नाही तो कोपरा चुलवणाला गेला, घर त्याला चिकटलं आणि सातबाऱ्यावर तो कोपरा पोटखराब्यात पडला.

कारखाने आले तशी गुऱ्हाळं विझली. ज्याच्यासाठी घर शेतात आलं ते संपलं, तर घर परत का गेलं नाही? कारण तोवर गोठा आला होता. आज वस्तीचा दिवस गुळव्याऐवजी दुधाची किटली ठरवते: पहाटे धार, डेअरीची गाडी, मग पोरांची शाळा. शासनाला पुढे 'वस्तीशाळा' नावाची योजनाच काढावी लागली, इतकी मुलं गावठाणापासून लांब होती. विजेचंही तसंच. गावठाणाचा फीडर वेगळा केल्यावर गावात दिवा राहिला आणि शेतीच्या लाइनवरची घरं मोटारीच्या वेळापत्रकाला बांधली गेली. थ्री फेज रात्री आली तर झोप गेली, सिंगल फेज गेली तर मिक्सर बंद. शेजार बदलला तो असा: गावठाणातलं भांडण सांडपाण्याचं आणि पन्हळीचं, वस्तीवरचं रस्त्याचं. बांधावरून बैलगाडीची वाट मिळावी म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे खेटे घालणारे बहुतेक एकमेकांचे चुलतभाऊच असतात. आणि बायकांचा शेजार तर भावकीपुरता आटला. पाण्याच्या निमित्ताने आडावर जी चार घरची भेट व्हायची ती बोअरने संपवली. आता संक्रांतीच्या वाणालाही गाडी काढावी लागते.

वस्तीवर कोण गेलं नाही, हेही याच कुळकथेत आहे. जमीन असेल त्यालाच शेतात घर. ज्यांच्याकडे ती नव्हती किंवा वतनाची तुटपुंजी होती ते गावकुसाबाहेरच्या वाड्यातच राहिले. गावठाण जसजसं सधन शेतकऱ्यांनी सोडलं तसतसं तिथे मागे राहिलेल्यांचं प्रमाण वाढत गेलं. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. रानातल्या आडनावांच्या वस्त्या मात्र आपल्या नावानिशी तशाच आहेत.

आणि मूळ नमुना बघायचा असेल तर दिवाळीनंतर या. बीड-नगरकडून ऊसतोड कामगार येतात आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालतात. परगावचं कुटुंब, गावठाणात जागा नाही, चूल रानात, छप्पर उसाचंच. सासवडच्या खंडकऱ्याचं पहिलं घर याहून फार निराळं असेल असं मला वाटत नाही. फरक एवढाच की त्याच्याकडे पाच-सात वर्षांचा खंड होता, यांच्याकडे सहा महिन्यांची उचल. म्हणून एकाच्या खोपीची वस्ती झाली आणि दुसऱ्याची कोपी दर उन्हाळ्यात मोडते.

माझ्या मताला पाडायचं असेल तर रस्ता सोपा आहे. आपल्या भागातली सगळ्यांत जुनी वस्ती गाठा आणि तिथली मूळ खोली कुठली ते विचारा. तिचं तोंड चारीकडे असेल तर रात्रीच्या पाण्यावाल्यांचं खरं. जुन्या चुलवणाच्या जागेकडे असेल तर माझं. आणि कालव्याआधीची, भर जिरायतातली, बायकामुलांसह बारमाही नांदती वस्ती कुणी दाखवली, तर गुऱ्हाळ सोडून मी पुन्हा पेंढाऱ्यांकडे वळेन.