आसनांआधीचा आखाडा

लोणावळ्याला उतरणारा पर्यटक चिक्की घेतो, भुशी धरणावर भिजतो आणि जमलेच तर कैवल्यधामाची पाटी वाचून पुढे जातो. पाठदुखी नाहीतर मधुमेह मागे लागला की माणसे तिथे जातात, अशीच समजूत. या संस्थेच्या संस्थापकाने शाळकरी पोरांच्या व्यायामासाठी किती वर्षे घातली, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

स्वामी कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी १९०७ मध्ये बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली दाखल झाला. तीन वर्षे तिथे अंग घामाने निथळले. माणिकरावांकडे लाठी होती, मल्लखांब होता आणि शिवाय संघव्यायाम होता: रांगेत उभ्या पोरांनी एका हुकमावर एकदम करायचा. कवायत साहेबाची, हुकूम मात्र देशी.

तेव्हाच्या सरकारला तालमींचा संशय येई. राष्ट्रीय शाळांवर तर रोखच होता. मावळातले उदाहरण तळेगाव दाभाड्याचे. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. शाळेला रामदासांचे नाव, तेव्हा बलोपासनेचा मान वेगळा सांगायला नको.

तळेगावच्याच लोहमार्गावर पुढे, लोणावळ्यात, १९२४ च्या दसऱ्याला कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडते, हे क्ष-किरणांखाली पाहण्याचा खटाटोप गाजला, पण आखाड्याचा संस्कार सुटला नव्हता. संयुक्त प्रांतातल्या शाळांसाठी कुवलयानंदांनी यौगिक व्यायामाचा क्रम बसवला. १९३६ मध्ये ‘यौगिक संघव्यायाम’ पुस्तकरूपाने आले. हुकूम झाला की सगळे पालथे, आकड्यावर छाती वर, आकड्यावर खाली. भुजंगासन एरवी एकट्याने, डोळे मिटून करायचे. इथे ते मास्तरांच्या शिट्टीच्या टप्प्यात आले. योगातल्या कर्मठांना हे रुचले नसेल. पण वर्गात पन्नास पोरे आणि मास्तर एक, यावर दुसरा तोडगा तरी कोणता होता?

त्या काळी देशी खेळांनाही शिस्त लागत होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले; हुतूतूचेही पुढे तसेच झाले. या खेळांची गोडी आसनांना येणार नाही, हे कबूल करावे. मात्र हुतूतूला चौदा गडी आणि मैदान लागते. नोकरी लागली, लग्न झाले, गडी पांगले, की खेळ संपला. सूर्यनमस्काराला आणि भुजंगासनाला सतरंजीएवढी जागा पुरते, म्हणून साठीतही ते टिकतात. लोणावळ्यासारख्या गावात, जिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मैदानांचा चार महिने चिखल होतो, तिथे तर ही सोय मोठीच.

लहानपणच्या खेळाची सवय मोठेपणी राहते का, याचा माग फिनलंडमध्ये १९८० पासून घेतला गेला. तीन ते अठरा वर्षांच्या सुमारे ३,६०० मुलांपासून सुरुवात झाली. एकवीस वर्षांनंतर दिसले ते असे: नाते आहे, पण ते फार घट्ट नाही. जी मुले वर्षानुवर्षे सातत्याने हालचाल करत राहिली, तीच पुढेही सक्रिय असण्याची शक्यता जास्त. म्हणजे वार्षिक क्रीडास्पर्धेतल्या एका पदकाने भागत नाही. रोजचा रतीब हवा. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते चांगली दमवणारी हालचाल सांगते.

आपल्या शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास असतोच. सहामाही जवळ आली की तो गणिताला दिला जातो, एवढेच. जूनमध्ये मुलाचे वेळापत्रक हाती पडले की तो तास आठवड्यात कितीदा आहे आणि प्रत्यक्षात किती होतो, हे पालकांनी पहिल्याच सभेत विचारावे.