हॉवर्ड साहेबाचा खड्डा

सांवेरच्या वाटेवर आमची १४ एकर काळी जमीन आहे. तिच्या बांधालगत बुजत आलेला एक खड्डा आहे. आजोबा त्याला ‘हॉवर्ड साहेबाचा खड्डा’ म्हणत. साहेबाला तिथे पुरले असावे, अशी माझी लहानपणी समजूत होती! साहेब कोण होता, ते पुढे कळले.

अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ साली ते बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले खरे गुरू, असे ते मानत. १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था निघाली आणि ते तिचे संचालक झाले. जमीन होळकर दरबारची होती. काम कापसाचे, पण कापूस पिकवायचा तर आधी माती पोसायला हवी, हे त्यांनी ओळखले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९३० साली त्या निवर्तल्या.

त्या काळी पऱ्हाट्या, तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात. हॉवर्डांनी पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघ्या २ फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर दिले, पाणी शिंपडले. खोली बेताची, कारण आतल्या जिवाणूंना हवा हवी. तीनदा वरखाली केले की तीन महिन्यांत खत तयार.

आत काय घडते? झाड कार्बन घेते तो हवेतून, पानांवाटे. काडीत तो भरपूर असतो, नत्र मात्र थोडे. शेण-मूत्र नत्राची भर घालते. एक भाग नत्राला सुमारे ३३ भाग कार्बन, असे मिश्रण हॉवर्डांनी धरले. जिवाणू कार्बन खातात आणि त्यातला बराचसा श्वासावाटे हवेत सोडतात. तोच पुन्हा एखाद्या पानात शिरतो. शेवटी हे प्रमाण १० भागांच्या आसपास येते. उरते ते काळे, भुसभुशीत ह्यूमस. ते पाणी धरते आणि नत्र पिकाला हळूहळू देते. काडी जाळली तर कार्बन आणि बहुतेक नत्र धुरावाटे जाते. मातीतल्या जिवांच्या वाट्याला राख येते.

१९३१ साली या प्रयोगांचे पुस्तक लंडनला निघाले. त्यावर हॉवर्डांबरोबर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. संस्थेतले रसायनशास्त्राचे काम ते पाहत. पुढे ‘इंदूर पद्धत’ केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचली. आमच्या गावाचे नाव जगभर झाले. पण वाडांचे नाव इंदूरच्या किती मराठी घरांत ठाऊक आहे? मलाही ते पन्नाशी उलटल्यावर कळले.

गेल्या चैत्रात पुतण्याने शेतातली नरवाई पेटवली. गव्हाच्या खुंटांना इकडे नरवाई म्हणतात. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, “काका, हार्वेस्टर खुंट ठेवून जातो. गोठ्यात बैल नाहीत, शेण कुठून आणू? मजूर मिळत नाही. तुम्ही सांगा, काय करू?”

मला उत्तर सुचले नाही. हॉवर्डांची सारी पद्धत गोठ्यावर उभी होती आणि आमचा गोठा मीच, नोकरीपायी शहरात राहून, मोडू दिला होता. दोष एकट्या पोराचा कसा म्हणू?

यंदा पावसाळा सरल्यावर आम्ही दोघांनी तो खड्डा उकरला. शेजारच्या गवळ्याशी शेणाचे ठरवले आहे. सोयाबीनचे कुटार जाळायचे नाही, खड्ड्यात घालायचे. १४ एकरांना ते पुरणार नाही. एका एकराला पुरले तरी पुष्कळ. मातीचे देणे एका हंगामात फिटत नाही. निदान ते देणे आहे, एवढे घरात पुन्हा बोलले जाऊ लागले.