मान न वळवणारा कॅमेरा

‘अटलांटिस’ सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच कळतं, की हा कॅमेरा आपल्यासाठी मान वळवणार नाही. व्हॅलेंतिन वास्यानोविच यांच्या या 2019 च्या युक्रेनियन सिनेमात बहुतेक प्रसंग एका जागेवरून, एकाच लांबलचक शॉटमध्ये घेतलेत. एका प्रसंगात टेबलावर सैनिकाचे अवशेष असतात. तपासणारा कपडे, हाडं यांचा तपशील कोरड्या आवाजात सांगत जातो. पार्श्वसंगीत नाही. नजर चुकवावी तर दुसरा शॉटही नाही.

याला फेस्टिव्हलची फॅशन म्हणून मोकळं होता येतं. मला मात्र युक्रेनियन सिनेमातलं हे घराणं जुनं वाटतं.

1929 चा ‘आर्सेनल’. दिग्दर्शक ओलेक्सांद्र दोव्झेन्को, आधीचे चित्रकार आणि व्यंगचित्रकार. सिनेमा बोल्शेविकांच्या बाजूचा. पण सुरुवात बघा. पहिल्या महायुद्धाने पुरुष ओरबाडून नेलेलं गाव. उन्हात बाया ताटकळून उभ्या. एक शिपाई येतो, एकीच्या छातीला हात लावतो. ती हलत नाही. हात तुटलेला शेतकरी मरतुकड्या घोड्याला बडवतो, तेव्हा घोडाच त्याला सुनावतो, की मारायचं ते मला नव्हे! धक्का बसलेलं माणूस आरडाओरडा करत नाही, थिजतं, हे दोव्झेन्कोंनी तेव्हाच पकडलं होतं.

वंश सरळ चालला असं नाही. 1965 मध्ये सेर्गेई पाराजानोव्ह यांच्या ‘शॅडोज ऑफ फरगॉटन अ‍ॅन्सेस्टर्स’मध्ये कॅमेरा अंगात आल्यासारखा घुमतो. पुढे 2014 मध्ये सेर्गेई लोझ्नित्सा यांनी ‘मैदान’साठी कीवच्या चौकात तो पुन्हा रोवला. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. आंदोलकांची गर्दी आपापली येते-जाते.

‘अटलांटिस’ चित्रित झाला तो मारिउपोलमध्ये. कथा रशियाशी युद्ध संपल्यानंतरच्या 2025 ची. प्रत्यक्षात 2022 मध्ये युद्धच त्या शहरावर चालून आलं. म्स्तिस्लाव चेर्नोव्ह यांच्या ‘20 डेज इन मारिउपोल’मध्ये कॅमेरा धावतो, धापा टाकतो, रशियन वेढ्यात ट्रायपॉड कोण लावणार? 2024 मध्ये या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

‘अटलांटिस’चा नायक आंद्री रिमारुक व्यवसायाने नट नव्हे, खरोखर आघाडीवर लढून आलेला. एका प्रसंगात तो ओसाड माळावर पोकलेनच्या बकेटात पाणी भरतो, खाली जाळ लावतो आणि कपडे उतरवून त्यात बसतो. वाफ वर चढते. कॅमेरा तेव्हाही तिथेच, लांब उभा.