बाडांतील ‘मुसळी’ कोणती ?

परभणीकडील एका वैद्यघराण्याचें मोडी बाड आमच्या संग्रहांत आहे. त्यांत वाजीकरणाचा एक पाठ असा : मुसळी, गोखरू व कुहिलीचें बीं समभाग घेऊन वस्त्रगाळ चूर्ण करावें, आणि खडीसाखर घालून दुधाबरोबर द्यावें. हा पाठ पूर्वीं नकलून घेतांना आम्हीं ‘मुसळी’ या शब्दाखालीं ‘म्हणजे सफेद मुसळी’ अशी टीप बेधडक दिली होती. ती निराधार होती, असें आतां वाटतें. प्रयोगशाळेंतील परीक्षेमुळें सफेद मुसळीचा बोलबाला झाला असल्यानें अशी टीप देण्याचा मोह इतरांसही होण्याचा संभव आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती परीक्षा खोटी नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या रसायनतंत्र संस्थेंत झालेला प्रयोग इ. स. २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नर उंदरांस सफेद मुसळीच्या वाळलेल्या मुळांचा जलीय अर्क वजनाच्या दर किलोस १२५ व २५० मिलिग्रॅम या मानानें दिला. एक गट औषधावांचून ठेवला व एकास तुलनेसाठीं व्हायग्रा दिलें. अर्काच्या दोन्ही मात्रांनीं कामेच्छा वाढली; मोठ्या मात्रेचा गुण मात्र चौदाव्या दिवसानंतर आणखी चढला नाहीं. साठाव्या दिवशीं शुक्राणूंची संख्या दोन्ही मात्रांच्या गटांत वाढलेली आढळली. घोड्याच्या नांवानें चालत आलेल्या शास्त्राची परीक्षा उंदरावर व्हावी याचें कोणास हंसूं येईल. परंतु चरकाच्या चिकित्सास्थानांतील वाजीकरणाध्यायांत अपत्यप्राप्तीचें महत्त्व किती गाइलें आहे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस शुक्राणू मोजणारे हे लोक परके वाटणार नाहींत.

अडचण आहे ती वनस्पतीच्या ओळखीची. प्रयोगांतील वनस्पतीस ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ हें शास्त्रीय नांव फादर सांतापाऊ व फर्नांडिस यांनीं इ. स. १९५५ च्या सुमारास मुंबईजवळील बोरिवलीवरून दिलें. नांव नवें म्हणून वनस्पति नवी ठरत नाहीं, हें खरें. परंतु सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें मुसली व तालमूली एकच सांगून तिला वृष्य म्हटलें आहे. आणि तालमूली म्हणजे काळी मुसळी, ‘कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस’, असें सामान्यतः मानतात. तिचें कुळच निराळें. म्हणजे संस्कृत निघंटु पाहून पाठ लिहिणाऱ्या वैद्याची नुसती ‘मुसळी’ काळी असण्याचा संभव अधिक.

उलट बाजूसही एक पुरावा आहे. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होती, आणि युनानी हकिमांच्या परिभाषेंत मुसळीचे ‘सियाह’ व ‘सफेद’ असे दोन भेद प्रसिद्ध आहेत. आमच्या बाडांत पुढें मूळव्याधीच्या पाठांत ‘मुसळी सिया’ असें पद स्पष्ट आहे. भावमिश्रानेंही मुसलीस अर्शोघ्न म्हटलें आहे, तेव्हां तेथें काळीच हवी होती यांत शंका नाहीं. आतां, जो लेखक काळी हवी तेथें ‘सिया’ लिहितो, त्याची विशेषणरहित मुसळी पांढरी असावी काय ? कीं दोन पाठ दोन निरनिराळ्या मूळ प्रतींवरून उतरले आहेत ? हस्ताक्षर एकच आहे, शाईही एकच. त्यावरून निर्णय होत नाहीं.

प्रयोगशाळेस विचारावें, तर तीही येथें सोडवीत नाहीं. सागर येथील संशोधकांनीं इ. स. २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शतावरी, सफेद मुसळी व काळी मुसळी या तिहींचे अर्क नर उंदरांस दर किलोस २०० मिलिग्रॅम या मानानें वेगवेगळे दिले होते, आणि तिहींचाही गुण आला. दोन्ही मुसळ्या गुणकारी ठरल्यावर गुणावरून शब्दाचा अर्थ कसा ठरवावा ? शिवाय उंदरांस दिला तो एकेका मुळाचा पाण्यांतला अर्क. बाडांतलें चूर्ण तीन द्रव्यांचें, तेंही दुधाबरोबर.

आमच्या नकलेंतील जुनी टीप आम्हीं खोडली असून तेथें ‘काळी कीं पांढरी, हें पाठांत नाहीं’ एवढेंच लिहिलें आहे. ज्या संग्राहकांच्या बाडांत मुसळीस रंगवाचक विशेषण लाविलेला वाजीकरणाचा पाठ असेल, त्यांनीं तो मूळ अक्षरांबरहुकूम कळविल्यास आम्ही आभारी होऊं.