ताटातून गेलेली डाळ

घरात कुणाला लिव्हर सिरोसिस झाला, की आधी ताटातली डाळ, दूध, अंडी जातात. उरते पेज, फार तर उसाचा रस. 'प्रथिनं बाधतात, डोक्यावर परिणाम होतो,' असं वडीलधारी मंडळी सांगतात. ही समजूत आली कुठून?

त्यासाठी रशियात जावं लागेल. घंटा आणि कुत्र्याच्या प्रयोगामुळे आपल्याला माहीत असलेल्या पावलॉव्ह यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाईल, अशी शस्त्रक्रिया त्यांनी कुत्र्यांवर केली. त्यांतले काही कुत्रे मांस खाल्ल्यावर झोकांड्या देऊ लागले, बेभान झाले. पुढे उलगडा झाला. प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं. ते काम अडलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो.

गंमत अशी, की १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. आर्थर पाटेक यांनी सिरोसिसच्या रुग्णांना उलट भरपूर सकस आहार आणि 'ब' जीवनसत्त्व दिलं आणि रुग्ण सुधारल्याचं नोंदवलं. पण १९५४ साली लंडनच्या डॉ. शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या आजारात होणाऱ्या मेंदूच्या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यावर प्रथिनं कमी करणं हा उपचार ठरला आणि तोच पुढे अनेक दशकं रूढ झाला.

याची किंमत रुग्णाच्या स्नायूंनी मोजली. यकृत थकलं की अमोनियाचा काही भार स्नायू उचलतात. प्रथिनं तोडली, की हा मदतनीसच झिजतो.

अखेर २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रम झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची प्रथिनं सुरुवातीला बंद ठेवली, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून पुरेशी दिली. भ्रम ओसरण्यात फरक पडला नाही. प्रथिनं बंद ठेवलेल्यांच्या शरीरातली प्रथिनं मात्र जास्त झिजली.

युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी आणि दुधातली प्रथिनं सहसा चांगली सोसतात. थकलेल्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वीही थोडं खावं. मीठ-पाण्याचं प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

तेव्हा ताटातली वाटी उचलण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारा. शंभर वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांचं पथ्य आपल्या माणसाला नको.